काट्यावरची नवी विंडोज

"राठोड, नवीन टाकू का जुनीच राहू देऊ?" हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा 'जेवला का' असंही कोणी विचारलं नसेल. दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते पुतणी चालवते. मी रोज सकाळी जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो आणि कोणी मत विचारलं तर देतो. पुतणीला हे आवडत नाही. मी मत फुकट देतो, आणि बहुतेक वेळा ते "राहू द्या, चालते तोवर चालवा" असं असतं. त्यावर दुकान कसं चालायचं, हा तिचा मुद्दा बरोबर आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटर नुसता डबा असतो. त्याला उठवणं, कामाला लावणं, छापायला सांगणं हे सगळं करणारा एक मुख्य प्रोग्राम त्यात भरावा लागतो. पुस्तकात त्याला ऑपरेटिंग सिस्टम म्हणतात. आमच्याकडे तसं कोणी म्हणत नाही. गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, "विंडोज मारून द्या." विंडोज मारणे हे आमच्या धंद्याचं मुख्य क्रियापद आहे, आणि मी जिल्हाभर हजारो मारल्या असतील.

प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. एक्सपी गरीब होती, कमी खायची, कुठल्याही डब्यात नांदायची. सेव्हन देखणी आणि कामसू, तिला सोडताना लोकांच्या जिवावर आलं. आठ नंबरची एक आली होती, तिच्याबद्दल मी चारचौघांत बोलत नाही. टेन बरी होती, पण आपल्या मनानं अपडेट व्हायची. तलाठ्याच्या दाखल्यासाठी रांग लागलेली असताना हिचं निळ्या पडद्यावरचं गोल फिरणं सुरू. आणि इलेव्हनला जुना डबा चालतच नाही. तिला सगळं नवीन पाहिजे. या सगळ्यांत लिनक्स फुकट, व्हायरस नाही, जुन्या डब्यातही पळते. मी ती बऱ्याच लोकांना सुचवली. एकानंच घेतली, आणि तो आठ दिवसांत परत आला, कारण त्याच्या साल्याला ती दुरुस्त करता येत नव्हती. गावाकडं कॉम्प्युटर निवडताना साल्याला काय येतं हे आधी पाहावं लागतं.

एकदा राळेगाव तालुक्यातून एक गृहस्थ एसटीनं आले. मांडीवर नुसता मॉनिटर, चादरीत गुंडाळलेला. म्हणाले, "याच्यात नवीन विंडोज टाकून द्या." मी विचारलं, डबा कुठे? "डबा कायले आनू? विंडोज तं यातच दिसते ना." मी त्यांना चहा पाजला, काच पुसून दिली आणि डबा घेऊन या म्हणून परत पाठवलं. ते चिडले. तेव्हा मी हसलो होतो. पण नंतर युसूफचाचांच्या काट्यावर जे झालं, त्यावरून मला कळलं की तो माणूस एकटा नव्हता. जे दिसतं त्यालाच मशीन म्हणायचं, असा सगळ्या जगाचा कायदा आहे.

युसूफचाचांचा वजनकाटा गावाबाहेर, दिग्रसच्या रस्त्याला. काटा म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेली लांब लोखंडी प्लेट. ट्रक, ट्रॅक्टर, बैलबंडी, जे असेल ते तिच्यावर चढवायचं. भरलेलं वजन घ्यायचं, माल खाली करून आल्यावर रिकामं घ्यायचं, वजाबाकी म्हणजे माल. कापूस असो का सोयाबीन, शेतकऱ्याचं वर्ष त्या वजाबाकीवर अवलंबून असतं. म्हणून काट्यावर लोक फार कमी बोलतात आणि फार लक्ष देऊन पाहतात.

चाचांनी त्यांच्या पाहण्याची सोय केली होती. कॉम्प्युटरचा पडदा त्यांनी खिडकीतून बाहेर तोंड करून ठेवला होता. काळ्या पडद्यावर हे मोठाले हिरवे आकडे. बंडीवर बसल्या जागी दिसायचे. आकडा थांबला की टूँक असा आवाज व्हायचा आणि चाचा म्हणायचे, "आकडा समोर हाय, पाहून घ्या." इतकंच. बरोबर आहे, चोख आहे, असं ते कधीच म्हणाले नाहीत. मला वाटायचं ही त्यांची बोलायची ढब आहे.

रस्त्यात दोन काटे आधी लागत, तरी लोक ते सोडून चाचांकडे येत. कापूस विकत घेणारे जिनिंगवालेही त्यांची पावती बिनबोभाट मान्य करत. चाचांकडे शेती नाही, दुसरा धंदा नाही. लोकांचा भरवसा हाच त्यांचा सगळा माल, आणि तो त्या हिरव्या आकड्यांत साठवलेला होता.

आकड्यांच्या मागे होती एक्सपी. मीच मारलेली. इतकी जुनी, की ती चालू होताना चाचांची मुलगी नसीम आत जाऊन चहा ठेवून येत असे. पावत्या नसीमच काढायची. मग जिनिंगवाल्यांनी सांगितलं, यंदापासून पावती आमच्याकडे ऑनलाइन आली पाहिजे, गाडीच्या फोटोसकट, नाहीतर गाडी आत घेणार नाही. एक्सपीला इंटरनेट दाखवणं म्हणजे आजोबांना दुचाकी शिकवणं. डिस्कही कुरकुर करत होती. चाचांनी मला बोलावलं.

"सुभाष, नवीन टाकू का जुनीच राहू देऊ?"

मी नेहमीचं उत्तर गिळलं. सगळ्या विंडोज त्यांच्यासमोर मांडल्या. सेव्हन गेली. टेनची देखभाल कंपनीनं थांबवली, आज टाकली तर उद्या पुन्हा हाच प्रश्न. लिनक्सवर काट्याचा प्रोग्राम चालत नाही. राहिली इलेव्हन, म्हणजे नवा डबा, नवा प्रोग्राम, कॅमेरा. चाचांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "टाक. पन वजनाले हात नको लावू."

"वजनाचा आणि विंडोजचा काही संबंध नाही चाचा."

हे वाक्य मी फार सहज बोललो. पुढं ते महागात पडलं.

हंगामाच्या तोंडावर मी सगळं बसवलं. नवा प्रोग्राम देखणा होता. पांढरा पडदा, निळे आकडे, बाजूला गाडीचा फोटो, वर घड्याळ, खाली जिनिंगचं नाव. नसीम खूश. टूँक मात्र गेलं, त्याऐवजी एक बाई हिंदीत 'धन्यवाद' म्हणायची.

पहिल्या दिवशी आमच्याच तांड्यातल्या तीन बंड्या आल्या. मी बंजारा. तांडा म्हणजे आमची वस्ती. जुन्या काळी आमचे लोक बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आता सगळे शेती करतात. पण बैलाच्या पाठीवर किती ओझं आहे हे डोळ्यांनी जोखायची खोड गेलेली नाही. पहिल्या बंडीवर जमनी याडी. याडी म्हणजे आई; सत्तरी ओलांडलेल्या जमनीबाईला सगळा तालुका याडी म्हणतो. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि बंडी काट्याच्या अलीकडेच थांबवली.

"हे काय होय?"

"नवीन मशीन, याडी," नसीम म्हणाली.

"जुनी काहून काढली?"

"जिनिंगवाल्यायनं सांगतलं."

बस्स. यापेक्षा वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं. घेणाऱ्यानं सांगितलं म्हणून काटा बदलला. याडीनं बैल वळवले. मागच्या दोन बंड्याही वळल्या. दुसऱ्या दिवशी काट्यावर दोनच ट्रक आले, तेही बाहेरगावचे. आठवड्याच्या बाजारापर्यंत बातमी सगळीकडे पोचली होती: युसूफच्या काट्यात कंपनीनं इंटरनेटवरून हात घातला. काळीपिवळी जीपमध्ये माझ्याच शेजारी बसलेल्या एकानं मला हे सांगितलं. ते बसवणारा राठोड म्हणून कोणी आहे, असंही म्हणाला. मी म्हटलं, असेल बावा.

मी चाचांना तोड सुचवली. नव्या प्रोग्राममध्ये पडद्याचा रंग बदलता येतो. काळा करू, आकडे हिरवे करू, टूँकही टाकून देऊ. आत इलेव्हन राहील, बाहेर एक्सपी दिसेल. कोणाला पत्ता लागणार नाही.

"मंग ते इचारतील, जुनीच लावली का परत. मी काय सांगू?"

"सांगायचं, हो."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बॅगेतला पेचकस उगाच काढून परत ठेवला. "पांढरी काच राहू दे," ते म्हणाले. "जे हाय ते दिसू दे."

शेवटी ते स्वतः तांड्यावर गेले. सोबत मी. याडी अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. चाचांनी सरळ विचारलं, "काय केलं म्हंजे तुमचा भरोसा बसंन?"

याडी तयारच होती. "आमी मानसं उभी राहतो. आधी किराण्याच्या दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर एकेक. मंग तुमच्या काट्यावर सारे मिळून. जुळलं तं जुळलं."

"शेंगांनी करा ना, पोत्यांनी करा. माणसं कायले?" मी म्हणालो.

"पोत्यात गोटे भरता येते, राठोड. मानसात नाही येत."

चाचा म्हणाले, उद्या सकाळी या.

परत येताना चाचा मान खाली घालून चालत होते. त्यांना धीर द्यावा म्हणून मी सगळी यंत्रणा समजावून सांगू लागलो. म्हटलं, चाचा, घाबरायचं काहीच कारण नाही. प्लेटच्या खाली खड्ड्यात वजन ओळखणारे लोखंडी ठोकळे आहेत. त्यांच्या वायरी खोलीतल्या त्या छोट्या लाल आकड्यांच्या पेटीत येतात. खरं वजन ती पेटी करते. तिला सरकारी सील आहे. कॉम्प्युटर बिचारा पेटीतला आकडा नुसता वाचतो आणि पडद्यावर मोठा करून दाखवतो. एक्सपी तेच करत होती, इलेव्हन तेच करते. ठोकळे जुने, पेटी जुनी, आपण त्यांना हातही लावला नाही.

मला माझ्या समजावून सांगण्याचा जरा अभिमानच वाटला. चाचा चालता चालता थांबले.

"म्हंजे उद्या जर नाही जुळलं, तं नवीन मशीनची चूक नसंन."

"नसणारच."

"मंग थे चूक जुनी असंन. इतक्या वर्षांची."

मी म्हटलं, दरवर्षी सरकारी साहेब येतात, वजनं ठेवून तपासतात, शिक्का मारतात. चाचा म्हणाले, "शिक्का सालातून एकदा बसते सुभाष. मधात पावसाचं पानी खड्ड्यात जाते, उंदीर वायरी खातेत. मी रोज झाकन उघडून पाहतो. पन वजन का डोळ्यानं दिसते? लोकं पाहून राह्यले आकडा, अन् मी पाहून राह्यलो लोकाईले. मले कोनी कधी इचारलं नाही, म्हनून मी बी कधी सांगतलं नाही, का बरोबर हाय म्हनून."

म्हणजे तांड्याला नवं मशीन तपासायचं होतं, आणि चाचांचं सगळं आयुष्य तपासलं जाणार होतं. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. घरी गेल्यावर त्यांनी नसीमला सांगितलं, म्हणजे तिघांना. मी त्यांना म्हणालो, याडीला काहीतरी कारण सांगून टाळू. ते म्हणाले, "नाही. मलेबी पाहाचं हाय."

सकाळी तांडा आला. बंडीत किराणा दुकानातला पोती मोजायचा काटा, मागे पंधरा माणसं, बाया आणि बाप्ये, आणि तमाशा पाहायला त्याहून जास्त. याडीनं नियम सांगितले. चपला काढायच्या. मधात कोणी काही खायचं नाही. बायांचं वजन मोठ्यानं बोलायचं नाही, नसीमच्या कानात सांगायचं, तिनं आतल्या भिंतीवर खडूनं लिहायचं आणि काम झालं की पुसायचं. एक जण वजन देऊन झुडपाआड जाऊन आला. याडीनं त्याला पुन्हा छोट्या काट्यावर उभं केलं. तो म्हणाला, "याडी, एवढ्याशानं काय फरक पडते?" ती म्हणाली, "थे आपन पाहू."

नसीमनं बेरीज केली. आठशे अडतीस किलो. मोठा काटा दहा-दहा किलोच्या उड्या मारतो, म्हणजे पडद्यावर आठशे चाळीस दिसायला पाहिजे. हे मी सगळ्यांना खुलासेवार सांगितलं. कोणी ऐकलं नाही. मग पंधरा माणसं प्लेटवर गेली आणि तिथं गर्दी करून उभी राहिली, अर्धी कडेला, एक पाय आत एक बाहेर. असं चालत नाही. मी त्यांना मधोमध सरकवलं, दोन पोरं हाकलली, एका आजोबांची काठी बाजूला ठेवायला लावली आणि नसीमला हात केला.

पडद्यावर निळे आकडे पळाले आणि थांबले. नऊशे दहा. बाई म्हणाली, धन्यवाद.

मग एकदम गलका. "सत्तर किलो! सत्तर किलोचा फरक!" मागून एक जण म्हणाला, "अबे, जास्त दाखवून राह्यली ना? मंग बोंबलता कायले? आपल्याच फायद्याची हाय!" दोघा-तिघांना हे पटलं. याडीनं त्यांना झापलं, "आज जास्त दाखवते थे उद्या कमी बी दाखवीन. चूप राहा."

मी खोलीच्या दाराकडे पाहिलं. चाचा चौकट धरून उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. जास्त असो की कमी, त्यांच्यासाठी सारखंच होतं. कमी असतं तर शेतकऱ्यांना लुटलं, जास्त असेल तर जिनिंगवाल्यांना, आणि दोन्हीकडच्या पावतीवर नाव त्यांचंच. अगदी खरं सांगायचं तर मला रडू येत होतं, आणि मी तिथंच उभ्या उभ्या मनातल्या मनात वायरी तपासत होतो, कोणता ठोकळा गेला असेल, कुठं पाणी शिरलं असेल.

तेवढ्यात खिडकीतून नसीमचा आवाज आला. "राठोडकाका, तुमी तिथं कायले उभे हा?"

मी खाली पाहिलं. प्लेट जमिनीच्या बरोबरीनं असते, चढल्याचं पायाला कळत नाही. मी पंधरा माणसांच्या मधोमध, बॅग खांद्याला लावून, काट्यावर उभा होतो. जन्मभर लोकांना मशीन समजावून सांगितलं त्याचं हे फळ.

मी खाली उतरलो. आठशे चाळीस. बाई म्हणाली, धन्यवाद.

पंधरा माणसं हसली, बैलांनी माना वर केल्या. पण याडी हसली नाही. ती म्हणाली, "असं नाही. राठोड, इकडं ये." मला बॅगेसकट किराण्याच्या काट्यावर उभं केलं. एकाहत्तर. मग मला परत प्लेटवर चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. आकडा माझ्याबरोबर वर-खाली होत राहिला. माझं वजन कानात सांगायची सवलत मला मिळाली नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "जुळलं."

लोक पांगले, बंड्यांकडे गेले. याडी खोलीपाशी आली. चाचा अजून चौकटीतच होते.

"युसूफभाऊ, तुमची नवीन मशीन बरोबर हाय," ती म्हणाली. आणि पुढं म्हणाली, "जुनी कशी होती, थे आता कोन सांगीन? थे तं काढून टाकली तुमी."

मी तोंड उघडलं. ठोकळे, पेटी, वायरी, सगळं जिभेवर होतं. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरातच.

"थेबी आत्ताच पाह्यली, याडी."

याडीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. वय झालं बिचाऱ्याचं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग ती गेली, बैलांना हाक घातली आणि कापसानं भरलेली बंडी काट्यावर आणली. चाचा आत येऊन स्टुलावर बसले, रुमालानं डोळे पुसले, आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

पडद्यावर आकडा थांबला. नसीमनं मागं वळून विचारलं, "अब्बा, घेऊ ना वजन?"

चाचा खिडकीशी गेले. बाहेर याडी मान वर करून आकड्याकडे पाहत होती.

"घे," ते म्हणाले. "बरोबर हाय."